यंत्रावरचा व्यायाम आणि बधिर होणारे पाऊल



व्यायामशाळेत नव्याने जाऊ लागलेल्या प्रौढ मंडळींची एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. यंत्रावर चढल्यावर पहिली दहा-बारा मिनिटे सारे ठीक असते. मग पायाच्या बोटांत झिणझिण्या सुरू होतात, चवडा जड वाटू लागतो, आणि विसाव्या मिनिटाच्या सुमारास ते पाऊल आपले नव्हेच असा भास होतो. यंत्रावरून उतरून जरा फिरले, बूट सैल केला, की दोन-चार मिनिटांत सर्व पूर्ववत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार.

या अनुभवाला सामोरे जाण्याचे दोन प्रकार दिसतात. कोणी घाबरतो. हे अर्धांगवायूचे पूर्वचिन्ह तर नव्हे, हृदयाचा काही विकार तर नव्हे, अशा शंकांनी तो व्यायामच सोडून देतो आणि डॉक्टरांनी मोठ्या प्रयासाने लावलेली सवय पंधरा दिवसांत मोडते. दुसरा त्याच्या उलट. 'होतेच असे, सवय नाही म्हणून', असे म्हणून तो महिनोन् महिने दुर्लक्ष करतो. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्याची भीती निराधार असते. पण काहींच्या बाबतीत दुसऱ्याची बेफिकिरी महागात पडते. या दोहोंतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा, आणि साध्या बधिरतेवर उपाय काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम बधिरता म्हणजे काय ते पाहू. कीर्तनाला तास-दीड तास मांडी घालून बसल्यावर उठताना पाय जागेवर नसल्यासारखा वाटतो, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. त्याचे कारण विचारले तर बहुतेक जण 'रक्त अडले' असे सांगतात. हे उत्तर अगदी चूक नव्हे, पण अर्धे आहे. लंडनमध्ये सर टॉमस लुईस आणि त्यांचे सहकारी यांनी १९३१ साली या प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले. दंडावर रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून त्यांनी रक्तप्रवाह थांबविला आणि बोटांची संवेदना कधी व कशी जाते याची बारकाईने नोंद ठेवली. सुमारे पाव तासाने बोटांच्या टोकांकडून स्पर्शज्ञान जाऊ लागे आणि बधिरता हळूहळू वर सरके. त्यांचा निष्कर्ष असा की, बोटांना रक्त मिळत नाही म्हणून ती बधिर होत नाहीत. पट्ट्याखाली दाबला गेलेला जो मज्जातंतूचा भाग, त्याचाच रक्तपुरवठा तुटतो आणि तो निरोप पोहोचविण्याचे बंद करतो. तारेचे टोक शाबूत असते. मध्येच कोठे तरी ती दबलेली असते.

मज्जातंतूला अशा रीतीने उपाशी ठेवण्यास फारसा दाब लागत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी १९८१ साली सशाच्या पायातील मज्जातंतूवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर एवढ्या दाबाने तंतूतील बारीक शिरांचा प्रवाह मंदावतो आणि ६० ते ८० मिलिमीटर दाबाने तो पूर्णपणे थांबतो. आपला नेहमीचा रक्तदाब वरच्या आकड्याला १२० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे बुटाच्या आवळलेल्या नाड्या किंवा पायाखालचे कडक पेडल एवढे काम सहज करू शकेल हे पटते. दाब निघाला की मज्जातंतू एकदम जागा होतो आणि काही काळ वेडेवाकडे, कोणी न पाठविलेले निरोप मेंदूकडे धाडू लागतो. यांनाच आपण मुंग्या म्हणतो. तेव्हा मुंग्या येणे हे बहुधा बधिरता संपत आल्याचे लक्षण असते, वाढत चालल्याचे नव्हे.

आता हा दाब व्यायामयंत्रावरच का पडतो? तोच गृहस्थ सकाळी तासभर रस्त्याने फिरून येतो, तेव्हा त्याच्या पायाला काहीच होत नाही. मग यंत्रावर असे काय घडते?

उत्तर चालण्याच्या क्रियेतच आहे. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल एका आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर टेकलेले असते आणि उरलेला ४० टक्के काळ हवेत असते. हवेत असताना त्यावर कसलाही भार नसतो. बोटे मोकळी होतात, तळव्याच्या मांसात आणि तंतूंत रक्त पुन्हा भरते. मिनिटाला १०० पावले या बेताच्या गतीने चालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलाला मिनिटात ५० वेळा अशी विश्रांती मिळते. अर्ध्या तासात ती १,५०० वेळा मिळते. शिवाय रस्ता कधी चढ, कधी उतार, कधी खड्डा, कधी गटार. त्यामुळे दोन पावले कधी अगदी एकसारखी पडत नाहीत. आपल्या रस्त्यांचा एवढा तरी उपयोग मान्य करावयास हवा.

ज्या यंत्राला व्यायामशाळेत 'क्रॉस ट्रेनर' किंवा 'इलिप्टिकल' म्हणतात, त्यावर ही विश्रांतीच नाहीशी होते. त्याच्या दोन लांबट पाट्यांवर दोन पाय ठेवून उभे राहावयाचे आणि त्या लांबट वर्तुळात पुढे-मागे फिरवावयाच्या, अशी त्याची रचना. गुडघ्याला धक्का बसत नाही, हा त्याचा मोठा गुण, आणि म्हणूनच पन्नाशी-साठीच्या माणसांना ते सुचविले जाते. पण धक्का बसत नाही याचे कारणच असे की, पाऊल पाटीवरून कधी उचललेच जात नाही. भार या पायावरून त्या पायावर जातो खरा, पण कोणताच पाय पुरता मोकळा होत नाही. त्यातच पाटी मागे जाते तेव्हा टाच उचलली जाते आणि सारे वजन चवड्यावर येते. नवख्या माणसाला तोल जाण्याची धास्ती असते. तो पुढे झुकतो, दांडे घट्ट धरतो आणि बुटाच्या आत बोटांनी जमीन पकडल्यासारखी बोटे आवळून धरतो. वीस-पंचवीस मिनिटे हातांची मूठ अशी आवळून धरली तर हातही बधिर होईल. पायाचे वेगळे काय व्हावे?

जुन्या तालमीतल्या व्यायामाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने आणि प्रोफेसर माणिकरावांनी ज्या व्यायामपद्धतींची जोपासना केली, त्या दंड, बैठका, जोर, मल्लखांब या प्रकारांत पाऊल अनवाणी असते, आणि ते एका स्थितीत क्षणभरच राहते. जुने सारे चांगले आणि नवे सारे वाईट, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. साठीतल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाने शंभर बैठका काढाव्यात असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की, यंत्राने पावलाची हालचाल काढून घेतली आहे. ती आपण जाणूनबुजून परत घातली पाहिजे.

ती कशी घालावी? क्रॉस ट्रेनरवर उभे राहताना पाऊल पाटीच्या अगदी पुढच्या कडेला न ठेवता थोडे मागे घ्यावे, म्हणजे टाचेलाही भार मिळतो. पाठ सरळ ठेवावी, दांड्यांना लोंबकळू नये. दर चार-पाच मिनिटांनी मनाशी विचारावे, बोटे आवळली आहेत का? बहुधा आवळलेलीच असतात. ती सैल सोडून बुटात हलवावीत. मधूनमधून मिनिटभर पाट्या उलट दिशेने फिरवाव्यात, म्हणजे तळव्यावरील भाराची जागा बदलते. आणि दर दहा मिनिटांनी यंत्र थांबवून खाली उतरावे, वीस-तीस पावले चालावे, पुन्हा चढावे. या अर्ध्या मिनिटाच्या खंडाने व्यायामाचे काहीएक नुकसान होत नाही. यंत्रावरचे आकडे थांबतात म्हणून कित्येकांना उतरणे जिवावर येते. पण ते आकडे आपल्यासाठी आहेत, आपण त्यांच्यासाठी नाही.

पण खरा गुन्हेगार पुष्कळदा यंत्र नसतोच, तो बूट असतो. याबद्दल जरा विस्ताराने बोलतो.

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आहेत. त्यांपैकी पाच लांब हाडे तळपायाच्या मध्यापासून बोटांच्या मुळापर्यंत जातात, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटांतून बोटांना संवेदना देणारे बारीक मज्जातंतू पुढे जातात. ही हाडे एकमेकांना धरून ठेवणारा एक बळकट बंध चवड्यात आडवा असतो आणि तंतू त्या बंधाच्या खालून जातात. पाऊल दोन्ही बाजूंनी दाबले गेले की वाट अरुंद होते. बोटे वर वाकली की तंतू बंधाच्या कडेवर ताणला जातो. निमुळत्या तोंडाच्या बुटात, चवड्यावर भार देऊन, टाच उचललेली, या अवस्थेत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर तो तंतू तेथे जाड होतो आणि मग केवळ बधिरता न राहता, बुटात खडा गेल्यासारखी किंवा विजेचा चटका बसल्यासारखी वेदना सुरू होते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक टॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचे वर्णन केले म्हणून त्यास आजही त्यांचे नाव आहे. तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या बेचक्यात ते सर्वांत अधिक आढळते.

आपल्याकडे बूट विकत घेण्याची रीत अशी की, सकाळी दुकान उघडताच जावे, पातळ मोजे घालून किंवा मोज्यांशिवायच बूट चढवावा, दोन पावले गालिच्यावर टाकावीत आणि 'वापरून सैल होईल' या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबून पैसे मोजावेत. चामड्याचा बूट कदाचित सैल होईलही. व्यायामाचा आजचा बूट फारसा सैल होत नाही. उलट पाऊलच मोठे होते. दिवसभराच्या उभे राहण्याने संध्याकाळी ते फुगते, आणि व्यायामाने रक्तप्रवाह वाढला की आणखी फुगते. तेव्हा बूट संध्याकाळी घ्यावा, व्यायामाचे मोजे बरोबर न्यावेत, दोन्ही पावले उभे राहून मोजून घ्यावीत आणि मोठे असेल त्या पावलाच्या मापाने घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. लांबीपेक्षा रुंदी अधिक महत्त्वाची. घरातला बूट तपासण्याची सोपी युक्ती अशी आहे की, त्यातला सुकतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर अनवाणी उभे राहावे. पाऊल सुकतळ्याच्या कडेबाहेर जात असेल, तर तो बूट रोज तेवढे पाऊल आत दाबत आहे असे समजावे.

त्यानंतर नाड्या. व्यायामाला निघताना, सुटू नयेत म्हणून, आपण त्या करकचून बांधतो. पावलाच्या वरच्या भागावर, जेथे नाड्यांची गाठ येते, तेथे त्वचेच्या आणि हाडाच्या मध्ये मांस जवळजवळ नसते. मज्जातंतू आणि रक्तवाहिनी अगदी उघड्यावर असल्यासारख्या असतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामधली जागाच तेवढी बधिर होत असेल, तर दोष बहुधा नाड्यांचा. उपाय विनामूल्य आहे. ज्या ठिकाणी दाब वाटतो तेथील आडवा फेरा सोडून द्यावा. म्हणजे त्या भोकांतून नाडी आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात न्यावी. चवड्याजवळचे फेरे सैल ठेवावेत आणि घोट्याजवळचे तेवढे बेताने आवळावेत, म्हणजे टाच बुटात घट्ट राहते आणि बोटांना मोकळीक मिळते. जाड मोजे घालून घट्ट बूट मऊ करण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. त्याने जागा आणखी कमी होते.

चवड्याखाली ठेवावयाच्या लहान गाद्या बाजारात मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण गादी चवड्याच्या बरोबर खाली न ठेवता किंचित मागे, टाचेच्या बाजूस ठेवली तरच. तेथे ती हाडांना थोडे उचलून एकमेकांपासून दूर करते. बरोबर चवड्याखाली ठेवली तर दाब वाढतो, आणि मग गादीला नावे ठेवली जातात.

जागच्या जागी चालविण्याच्या सायकलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिच्यावर भार फक्त पेडलाएवढ्या लहान जागेवर येतो. पेडल अगदी बोटांखाली असेल तर बधिरता लवकर येते. पाऊल जरा पुढे सरकवून पेडलाचा दांडा चवड्याच्या किंचित मागे आणावा. पट्टा असेल तर तो पाऊल निसटू न देण्यापुरताच आवळावा. मऊ तळाचा बूट पेडलावर वाकतो आणि सारा दाब एका रेषेत येतो. सायकलीला जरा कडक तळाचा बूट बरा. आणि जड भार लावून सावकाश पाय मारण्यापेक्षा हलका भार लावून थोडे भरभर मारावेत, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पेडलावर द्यावा लागणारा जोर कमी होतो. बैठक फार उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि जांघेतला भाग दबून तेथेही बधिरता येते. तिच्याविषयी लाजून गप्प बसू नये, बैठक खाली घ्यावी.

चालत्या पट्ट्याची, म्हणजे ट्रेडमिलची, गोष्ट थोडी निराळी आहे. या नावाचा उगम तुरुंगात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्यूबिट याने १८१८ च्या सुमारास कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायांनी फिरवावयाचे प्रचंड चाक उभारले, त्याचे ते नाव. १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्याने ही शिक्षा मोडीत निघाली. आता त्याच नावाच्या यंत्रावर चढण्यासाठी आपण मासिक वर्गणी भरतो. असो. या पट्ट्यावर पाऊल उचलले जाते, म्हणून बधिरता तुलनेने कमी. जेथे ती येते तेथे बहुधा पट्ट्याला दिलेला चढ हे कारण असते, कारण चढावर वजन चवड्यावर येते. चढ उतरवून पाहावा, आणि कठडा धरून चालण्याची सवय सोडावी.

हे सारे उपाय एकदम करू नयेत. एका आठवड्यात एकच बदल करावा आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात: बधिरता कितव्या मिनिटाला आली, कोणत्या बोटांत आली, एका पायात की दोन्हींत, आणि थांबल्यावर किती वेळाने गेली. पहिल्या आठवड्यात नाड्या सैल, दुसऱ्यात पाऊल मागे, तिसऱ्यात दुसरा बूट. बाराव्या मिनिटाला येणारी बधिरता पंचविसाव्या मिनिटापर्यंत लांबली, तर आपण योग्य वाटेवर आहो. आणि तिन्ही बदलांनी काहीच फरक पडला नाही, तर तीही मोलाची माहिती आहे. कारण मग दोष बुटात नाही, अन्यत्र आहे.

तो अन्यत्र कोठे असू शकतो? पहिली शंका कमरेची. वयोमानाने कण्यातील पोकळी अरुंद झाली असेल, तर ताठ उभे राहून चालताना दोन्ही पाय जड आणि बधिर होतात आणि पुढे वाकले किंवा बसले की बरे वाटते. अशा माणसाला चालत्या पट्ट्यावर दहा मिनिटे निघत नाहीत. पण सायकलीवर, पुढे वाकलेल्या स्थितीत, तो अर्धा तास सहज घालवितो. हा फरक एवढा बोलका आहे की, डॉक्टर निदानासाठीही त्याचा उपयोग करतात. याउलट पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील, तर ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते, नुसते उभे राहिले तरी ती थांबते, आणि ही कळ सायकलीवरही सुटत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. तिसरा प्रकार तरुण, धावणाऱ्या मंडळींत दिसतो. नडगीच्या बाजूचे स्नायू व्यायामाने फुगतात, पण त्यांच्यावरचे कठीण वेष्टन ताणले जात नाही. नडगी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होते आणि विश्रांतीने बरे वाटते. येथे बूट बदलून काही होत नाही, तज्ज्ञाकडेच जावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तिच्याकडे येतो. ती म्हणजे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सर्व राज्यांत त्याचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले. मधुमेह्याला डॉक्टर व्यायाम सांगतात, तो व्यायामशाळेत येतो, आणि तेथे त्याचा पाय बधिर होतो. शेजारचा म्हणतो, 'मलाही होते, बूट सैल करा.' शेजाऱ्याच्या बाबतीत हा सल्ला बरोबर असतो. पण मधुमेह्याच्या बाबतीत कदाचित त्याचे तंतू वर्षानुवर्षांच्या साखरेने आधीच दुबळे झालेले असतात आणि यंत्राने केवळ ते उघड केलेले असते. ही बधिरता दोन्ही पायांत सारखी, बोटांच्या टोकांपासून सुरू होते, मोज्याप्रमाणे वर चढते, रात्री अंथरुणात जळजळ किंवा मुंग्यांच्या रूपाने त्रास देते, आणि यंत्रावरून उतरल्याने जात नाही.

आणि तिचा धोका बधिरतेत नाही, बधिरतेमुळे न कळणाऱ्या जखमेत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांवर काम करताना ही गोष्ट साऱ्या जगाच्या निदर्शनास आणली. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडून जातात, असा पूर्वी समज होता. ब्रँड यांनी दाखविले की, वेदना गेल्यामुळे रोजच्या व्यवहारात भाजणे, कापणे, घासणे यांची जाणीव होत नाही आणि त्या दुर्लक्षित जखमांनी अवयवाचा नाश होतो. मधुमेह्याच्या पायाला हाच न्याय लागू पडतो. बुटात गेलेला खडा, मोज्याची घडी, चालत्या पट्ट्यावर आलेला फोड, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीचा चटका. निरोगी माणूस पाय झटकून मोकळा होतो, आणि हा त्यावर तासभर चालतो.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती सुचविली आणि २०११ पासून ती जगभर वापरात आली. ज्याची तपासणी करावयाची त्याने डोळे मिटून पडावे. घरातील दुसऱ्या कोणी तरी त्याच्या दोन्ही पावलांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, अशा एकूण सहा जागी, बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श कळला की त्याने उजवा की डावा ते सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर पावलांची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. या परीक्षेला पैसा लागत नाही, उपकरण लागत नाही. सुनेने सासऱ्यांची, नातवाने आजीची सहज करावी.

अशा मधुमेह्याने व्यायाम सोडावा काय? मुळीच नाही. पावलावर जखम नसेल आणि बूट योग्य असेल, तर बेताचे चालणे त्याला वर्ज्य नाही, असेच आजचे वैद्यकीय मत आहे. पण यंत्रावर कधीही अनवाणी चढू नये, बूट घालण्यापूर्वी त्यात हात घालून पाहावा, आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे उजेडात, आरसा धरून किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. पावलावर जखम असेपर्यंत पायावर भार टाकणारे यंत्र बंद ठेवावे.

मधुमेह नसतानाही दोन्ही पावले सतत बधिर राहत असतील तर 'ब १२' या जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. ते प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारी आणि दूधही बेताचे घेणाऱ्या घरांत त्याची उणीव पडते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांतही पडते. वेळीच ओळखली तर ती भरून काढणे सोपे आहे. आणि बधिर जागेवर त्वचेचा फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर संकोच न करता सरकारी आरोग्य केंद्रात जावे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार तेथे विनामूल्य मिळतो आणि त्याने रोग पुरता बरा होतो; उशीर केला तर रोग बरा होऊनही गेलेली संवेदना परत येईलच असे नाही.

काही लक्षणांत मात्र वहीतल्या नोंदींची वाट पाहू नये. चालताना पाऊल उचलत नाही, चप्पल घासत जाते किंवा आपोआप निसटते. पाऊल अकस्मात थंडगार व पांढरेफटक पडले. जांघेचा, गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होऊन लघवी तुंबली किंवा ताबा गेला. अथवा एका बाजूचा हात, पाय आणि चेहरा एकदम बधिर होऊन बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. शेवटच्या प्रसंगी पाय चोळीत बसण्यात जी घटका जाते तीच उपचाराची असते.

एरवी, तीन-चार आठवडे बदल करूनही बधिरता टिकून राहिली, किंवा व्यायामानंतर तास-तास रेंगाळू लागली, तर डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि व्यायामाचे बूट, दोन्ही बरोबर न्यावेत. बूट पुसून, चकचकीत करून नेऊ नयेत. तळ कोणत्या बाजूने झिजला आहे, सुकतळ्यावर बोटांचे ठसे कोठे खोल उमटले आहेत, आतले कापड कोठे फाटले आहे, हे सर्व डॉक्टरांना पाहावयाचे असते.